थंड संगणक सुरू करताना बूट ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही: दोष कुठे शोधावा?

अर्धविराम

माझ्या डेस्कटॉप संगणकात विंडोज एका अडीच इंची साटा एसएसडीवर (साटा केबलने जोडलेल्या, चिपांवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर) आहे आणि इतर डेटासाठी साडेतीन इंची हार्ड डिस्क वेगळी लावलेली आहे. गेल्या काही आठवड्यांपासून अशी अडचण येते की संगणक सुरू केल्यावर काही वेळा विंडोज येतच नाही. बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) जाऊन पाहिले तर हार्ड डिस्क तिच्या पोर्टासमोर व्यवस्थित दिसते, पण एसएसडीच्या पोर्टासमोर काहीच जोडलेले नाही असे लिहिलेले असते. त्याच स्थितीत रीस्टार्ट केले तर बहुतेक वेळा फरक पडत नाही. संगणक पूर्ण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केला की एसएसडी दिसते, विंडोज नेहमीच्या वेगाने सुरू होते आणि पुढे दिवसभर कितीही काम केले तरी कसलीही तक्रार नसते.

हा प्रकार जवळजवळ नेहमी दिवसातल्या पहिल्या चालू करण्याच्या वेळी होतो, दुपारी किंवा संध्याकाळी पुन्हा सुरू करताना क्वचितच. ढोबळ अंदाजाने दर पाच सकाळींपैकी एखादी सकाळ अशी जाते. साटा डेटा केबल बदलून पाहिली आणि बायोसमधला बूटचा क्रम पुन्हा लावून पाहिला; दोन्हींनी फरक पडला नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एसएसडी निकामी होण्याच्या मार्गावर आहे, असे यावरून म्हणता येईल का? मदरबोर्डाचा दोष असेल तर तो ओळखायचा कसा? आणि विंडोज नव्याने टाकून काही उपयोग होईल का, कारण ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी सर्वांत आधी फॉरमॅट मारण्याचाच सल्ला दिला आहे?


जुना खिळा

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे असल्याने तिथूनच सुरुवात करतो: विंडोज नव्याने टाकू नका. ज्या क्षणी बायोस पोर्टांची यादी तयार करत असते, त्या क्षणी एसएसडीवरचा विंडोजचा एकही बाइट वाचलेला नसतो, त्यामुळे त्या यादीतून ड्राइव्ह गायब होण्याचे खापर विंडोजवर फोडता येत नाही. ड्राइव्ह यादीत दिसतो आहे पण बूट होत नाही, अशी तक्रार असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा यूईएफआयमधली (म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसमधली) बूटची नोंद, एसएसडीवरचे ईएफआय विभाजन किंवा बूटलोडरची, म्हणजे विंडोज सुरू करून देणारी, फाइल यांचा विचार करावा लागला असता. या दोन्ही तक्रारींमध्ये पडद्यावर येणारा संदेश साधारण सारखाच असतो आणि म्हणूनच लोक फॉरमॅट मारण्याचा सल्ला देतात. तुम्ही बायोसमध्ये जाऊन यादी पाहिली, हे फार चांगले केले. निम्मा प्रदेश त्यानेच वगळला गेला.

पुढे काहीही करण्याआधी, ज्या दिवशी एसएसडी दिसेल त्या दिवशी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्या. शक्य असल्यास संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा, कारण अधूनमधून गायब होणारा ड्राइव्ह कोणत्या दिवशी कायमचा गायब होईल हे आधी कळत नाही.

आता दोषाकडे वळू. असे दोष शोधताना ड्राइव्ह केव्हा जातो यापेक्षा तो कशाने परत येतो, हे पाहणे जास्त उपयोगी ठरते असे माझे मत आहे. साधे रीस्टार्ट केल्यावर जो ड्राइव्ह दिसू लागतो, त्याला बहुधा फक्त थोडा जास्त वेळ हवा असतो. रीस्टार्टच्या वेळी ड्राइव्हचा वीजपुरवठा तुटत नाही, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात जो तयार झाला नव्हता तो दुसऱ्या प्रयत्नापर्यंत तयार होऊन बसलेला असतो. बायोसमधला फास्ट बूट बंद करणे आणि ज्या मदरबोर्डांत सुरुवात काही सेकंद लांबवण्याची सोय असते तिथे ती वापरणे, एवढ्याने अशी तक्रार अनेकदा मिटते. बायोसमधला फास्ट बूट आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीने विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि तिचा बायोसच्या यादीशी संबंध नाही.

रीस्टार्टने जो परत येत नाही पण वीज पूर्ण तोडून पुन्हा दिल्यावर येतो, त्याच्या बाबतीत दोन मोठ्या शक्यता उरतात. एक म्हणजे ड्राइव्हचे स्वतःचे फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) सुरू होताना अडकते आहे. दुसरी म्हणजे त्याच्यापर्यंत वीज किंवा संकेत नीट पोहोचत नाही. तुमचे वर्णन या गटात बसते. हार्ड डिस्क दरवेळी दिसते, म्हणजे साटा कंट्रोलर सरसकट बंद पडलेला नाही. पण एकटा पोर्टही खराब असू शकतो, म्हणून एसएसडीची डेटा केबल दुसऱ्या पोर्टावर लावून काही सकाळी पाहा. मात्र काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत (पट्टीसारखा ड्राइव्ह थेट बसवण्याच्या जागेत) काही लावले की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, तेव्हा कोणता पोर्ट मोकळा आहे हे माहितीपुस्तिकेत पाहूनच निवडा.


तळटीप

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. वस्तू बदलायला लागण्याआधी मिळणारा पुरावा गोळा करावा, एवढीच भर घालतो, कारण ड्राइव्ह स्वतः बरेच काही लिहून ठेवत असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांपैकी काहीही वापरून दोन्ही ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदी (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवतो ते क्रमांकवार आकडे) वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू (नोंदीचा मूळ आकडा) मुळात षोडशमान पद्धतीने दाखवते. सेटिंग बदलून ती दशमान करून घ्या, नाहीतर आकडे वाचताना गोंधळ होतो.

क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचताना अडलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, १९९ म्हणजे डेटा केबलवरून जाताना बिघडलेल्या आणि सीआरसी तपासणीत पकडल्या गेलेल्या देवाणघेवाणी. एसएसडीच्या बाबतीत उत्पादकानुसार काही क्रमांकांचे अर्थ बदलतात, त्यामुळे नावही वाचा. १९९ चा आकडा कधीच शून्यावर परत जात नाही. तो मोठा दिसला म्हणून घाबरू नका. आजचा आकडा लिहून ठेवा आणि काही दिवसांनी तो वाढला आहे का, एवढेच पाहा. वाढत असेल तर डेटा केबल, तिचे कनेक्टर किंवा पोर्ट संशयित ठरतात. पण याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: सीआरसीची चूक मोजली जायला आधी जोडणी प्रस्थापित झालेली असावी लागते. ड्राइव्ह मुळात जागाच झाला नाही, तर हा आकडा स्थिर राहतो आणि त्या स्थिरतेवरून केबल निर्दोष आहे असे ठरत नाही.

तुमच्या तक्रारीत मला सर्वांत बोलकी वाटते ती क्रमांक १२ ची नोंद, म्हणजे ड्राइव्हला किती वेळा नव्याने वीज मिळाली त्याची गणती. संगणक बंद करण्यापूर्वी एसएसडी आणि हार्ड डिस्क दोघींचाही हा आकडा लिहून ठेवा. ज्या सकाळी एसएसडी दिसणार नाही तिच्यानंतर पुढच्या यशस्वी सुरुवातीला दोन्ही आकडे पुन्हा वाचा. दोन्ही सारखेच वाढले असतील, तर एसएसडीला त्या सकाळीही वीज मिळाली होती, ती जागी झाली होती, पण मदरबोर्डाशी बोलू शकली नाही. मग डेटाच्या बाजूला शोधा. हार्ड डिस्कचा आकडा वाढला आणि एसएसडीचा त्या सुरुवातीपुरता वाढलाच नाही, तर एक तर वीज पोहोचली नाही किंवा फर्मवेअर गणती लिहिण्याआधीच अडकले. उलट एसएसडीचा आकडा संगणक सुरू केल्याच्या संख्येपेक्षा जास्त वाढत असेल, तर चालू असतानाही तिची वीज मधूनमधून तुटते आहे असे समजा. प्रयोग चालू असेपर्यंत संगणक स्लीपमध्ये जाऊ देऊ नका, कारण स्लीपमध्येही ड्राइव्हची वीज तोडली जाते आणि हिशेब चुकतो. साध्या रीस्टार्टने हा आकडा वाढत नाही.

आणखी एक. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदी आहेत का, ते पाहा. पहिली ड्राइव्हला रीसेट करावे लागल्याची आणि दुसरी वाचनलेखन पुन्हा करावे लागल्याची नोंद असते. मात्र काहीच सापडले नाही तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. नोंदवही ज्या ड्राइव्हवर आहे तोच गायब असेल, तर त्याच्या गैरहजेरीची नोंद होणार तरी कुठे? यासाठी एक लाइव्ह लिनक्सचा (डिस्कवर न टाकता थेट चालणाऱ्या लिनक्सचा) पेनड्राइव्ह तयार ठेवा. ज्या सकाळी एसएसडी दिसणार नाही, त्या सकाळी संगणक बंद न करता बूट मेनूतून त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत त्या पोर्टाबद्दल काय लिहिले आहे ते पाहा. बायोसला न दिसलेली एसएसडी लिनक्समध्ये दिसली, तर प्रश्न वेळेचा आहे. तिथेही दिसली नाही, तर पोर्टाच्या ओळीत एसस्टेटस या शब्दापुढचा आकडा काय आहे, ते येथे लिहा.


शेवाळ

एवढे सगळे करण्याआधी मदरबोर्डावरचा सीमॉसचा सेल (घड्याळ आणि बायोसची सेटिंग टिकवणारी छोटी बॅटरी) बदलून पाहा. जुन्या संगणकांत असे विचित्र प्रकार बहुतेक वेळा सेल उतरल्यामुळेच होतात. सीआर२०३२ सहज मिळतो आणि बदलायलाही सोपा असतो.


जुना खिळा

सेल बदलल्याने नुकसान काहीच नाही, पण तोच दोषी असेल तर त्याची खूण आधी दिसायला हवी. सेल उतरला की तारीख आणि वेळ मागे जाते आणि बायोसची सेटिंग मूळपदावर येतात. हे विशेषतः त्यांच्या बाबतीत होते जे रात्री भिंतीवरचे बटणही बंद करतात, कारण ते चालू असेपर्यंत एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) येणारी स्टँडबाय वीज सेलवरचा भार वाचवते. सेटिंग मूळपदावर गेल्याने साटाचा मोड बदलला, तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊ शकतो. पण एकच ड्राइव्ह यादीतून गायब होणे आणि दुसरा शाबूत राहणे, नंतर पुन्हा काहीही न बदलता पहिला परत येणे, हे सेलच्या माथी मारता येत नाही. अर्धविराम, घड्याळ बरोबर असेल तर सेल सोडून द्या.


अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. घड्याळ बरोबर आहे आणि बायोसची सेटिंगही जिथल्या तिथे आहेत. डेटाची प्रत घेऊन झाली आहे.

एसएसडी दुसऱ्या पोर्टावर लावल्यानंतरही तक्रार तशीच राहिली. तळटीप यांनी सांगितल्याप्रमाणे आकडे लिहून ठेवले. १९९ चा आकडा शून्यच आहे आणि तो हलत नाही. क्रमांक ५ चाही हललेला नाही. क्रमांक १२ मध्ये मात्र स्पष्ट फरक दिसतो आहे: जितक्या वेळा एसएसडी दिसली नाही, नेमका तितक्याने तिचा आकडा हार्ड डिस्कच्या वाढीपेक्षा मागे राहिला आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ किंवा १५३ ची एकही नोंद नाही. लाइव्ह लिनक्समध्येही त्या सकाळी एसएसडी दिसली नाही. पोर्टाच्या ओळीत साटा लिंक डाउन आणि एसस्टेटस ० असे लिहिलेले होते, तर हार्ड डिस्कच्या ओळीत लिंक अप आणि एसस्टेटस १३३ असे होते.

यावरून एसएसडीला वीजच मिळत नाही असे म्हणायचे का, की फर्मवेअर अडकण्याची शक्यता अजून शिल्लक आहे?


तळटीप

दोन्ही शक्यता शिल्लक आहेत, पण बाकीचे बरेच वगळले गेले.

एसस्टेटसचा आकडा उजवीकडून वाचायचा असतो. शेवटचा अंक उपकरण सापडले की नाही ते सांगतो: ० म्हणजे पलीकडे काहीच जाणवले नाही, १ म्हणजे काहीतरी आहे पण संवाद जुळला नाही, ३ म्हणजे संवाद प्रस्थापित झाला. मधला अंक वेगाची पिढी सांगतो. १, २ आणि ३ म्हणजे अनुक्रमे सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट. पहिला अंक १ असेल तर जोडणी जागी आहे. म्हणजे हार्ड डिस्कचा १३३ हा उत्तम प्रकृतीचा आकडा आहे. वेगाच्या जागी २ किंवा १ दिसला असता, तर खराब केबलमुळे कर्नलने वेग उतरवला असावा अशी शंका घ्यावी लागली असती, अर्थात ड्राइव्ह किंवा पोर्ट मुळातच जुन्या पिढीचा नसेल तर. तुमच्या एसएसडीच्या पोर्टाला पलीकडे कुणी असल्याची चाहूलही लागली नाही. वीज नसलेला ड्राइव्ह असाच दिसतो. पूर्ण तुटलेली डेटा केबलही अशीच दिसते, पण केबल आणि पोर्ट दोन्ही बदलून झाले आहेत, शिवाय केबल तुटली असती तरी क्रमांक १२ वाढला असता.

फर्मवेअरच्या बाजूने बोलायचे तर अशी उदाहरणे घडलेली आहेत. क्रूशियल कंपनीच्या एम४ या एसएसडीमध्ये एकूण ५,१८४ तास चालू राहिल्यानंतर ड्राइव्ह प्रतिसाद देणे थांबवत असे. वीज तोडून दिली की तो परत येई आणि साधारण तासाभराने पुन्हा गायब होई. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ०३०९ क्रमांकाच्या फर्मवेअरने तो दोष दूर झाला. पण तिथे ड्राइव्ह चालू असताना जात असे, तुमचा सुरुवातीलाच अनुपस्थित असतो आणि एकदा आला की दिवसभर टिकतो. म्हणून फर्मवेअर अद्ययावत करायला हरकत नाही, पण ते करण्याआधी वीजपुरवठा तपासावा, कारण अधूनमधून वीज तुटत असलेल्या ड्राइव्हवर फर्मवेअर लिहिणे हे स्वतःच धोक्याचे काम आहे.


विजेरी

विजेच्या बाजूबद्दल मी लिहितो. एसएसडीला वीज कुठून येते ते सांगाल का? एसएमपीएसमधून निघालेल्या साटा प्लगमधून थेट, की मध्ये एखादा जोड आहे? आणि हार्ड डिस्कचा प्लग त्याच तारेवर पुढे आहे की वेगळ्या तारेवर?


अर्धविराम

हार्ड डिस्कला एसएमपीएसचा साटा प्लग थेट लावलेला आहे. या एसएमपीएसला साटाचे प्लग कमी असल्याने एसएसडीसाठी चार पिनांच्या मोलेक्स प्लगवर साटाचा अडॅप्टर लावलेला आहे. अडॅप्टरचे साटाचे टोक एकसंध ओतीव प्लास्टिकचे आहे, तारा थेट त्यात शिरलेल्या दिसतात.


विजेरी

मग पुढचा प्रयोग अगदी स्वस्तातला आहे: दोन्ही प्लगांची अदलाबदल करा. संगणक बंद करून, भिंतीवरची पिन काढून, एसएसडीला एसएमपीएसचा थेट साटा प्लग लावा आणि अडॅप्टरचा प्लग हार्ड डिस्कला लावा. बाकी काहीही हलवू नका, अगदी डेटा केबलही नाही. दोष एसएसडीत असेल तर तो एसएसडीबरोबरच राहील. दोष अडॅप्टरमध्ये असेल तर विंडोज दररोज सुरू होईल, पण एखाद्या सकाळी हार्ड डिस्क दिसणार नाही. नवी वस्तू आणून जुनी काढण्यापेक्षा घरातल्याच दोन वस्तूंची जागा बदलणे मला नेहमी जास्त पटते, कारण तक्रार थांबली एवढेच न कळता ती कुठे गेली हेही कळते.

हे सुचवण्यामागचे कारण असे. साटाच्या वीज कनेक्टरात १५ पिना असतात. १ ते ३ वर ३.३ व्होल्ट, ७ ते ९ वर ५ व्होल्ट, १३ ते १५ वर १२ व्होल्ट आणि मध्ये जमिनीच्या (ग्राउंडच्या) पिना. मोलेक्सच्या प्लगात ३.३ व्होल्ट नसतातच, पण अडीच इंची एसएसडी जवळजवळ सर्व काम ५ व्होल्टवर करते, त्यामुळे अडॅप्टर चालतो. साडेतीन इंची हार्ड डिस्कला मात्र ५ आणि १२ असे दोन्ही लागतात आणि ताटली फिरवायला सुरुवात करताना ती १२ व्होल्टच्या तारेतून दीड ते दोन अँपिअरपर्यंत प्रवाह खेचू शकते. ओतीव प्लास्टिकच्या अडॅप्टरमध्ये तारा आणि पिना यांची जोडणी डोळ्यांना दिसत नाही. एखादी तार सैल असेल तर तापमान बदलल्यावर ती टेकते किंवा सुटते. कॅबिनेट रात्रभर थंड झाल्यावर सकाळी संपर्क न होणे आणि आतली हवा तापल्यानंतर तो दिवसभर टिकणे, हे तुमच्या वर्णनाशी जुळते. शिवाय अशा ओतीव अडॅप्टरांत आतल्या आत तारा एकमेकींना टेकून प्लग जळाल्याच्या घटना ठाऊक असलेल्या आहेत. म्हणून प्रयोगाच्या काळात संगणक चालू ठेवून बाहेर जाऊ नका आणि वास किंवा प्लास्टिकचा रंग बदललेला दिसला तर प्रयोग तिथेच थांबवा.

मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या तांबड्या तारेवर ५ आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट मोजता येतील. दोन्हींना पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६. पण आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएसला प्रमाणपत्र देऊ नका. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. सुरू होतानाच्या क्षणी पडणारा खड्डा त्याला दिसत नाही.

दोन सूचना आणखी. साटाचे आतले कनेक्टर साधारण ५० वेळा काढघाल सहन करतील एवढ्याच हिशेबाने बनवलेले असतात, त्यामुळे दर प्रयोगाला सगळे उपसून पुन्हा लावू नका. आणि पुढे एसएमपीएसच्या सुट्या तारा वापरण्याची वेळ आली, तर दुसऱ्या एसएमपीएसबरोबर आलेली तार चुकूनही लावू नका. ड्राइव्हकडचे टोक सारखे असले तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रमाणित नाही; ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह त्याच क्षणी जळतो.


पानगळ

विषयाला धरूनच एक उपप्रश्न विचारतो. लॅपटॉपमधला एम.२ एनव्हीएमई ड्राइव्ह (साटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एसएसडी) असाच अधूनमधून गायब होत असेल, तर यातले काय लागू पडते? तिथे तर केबलच नसते.


तळटीप

विचार करण्याची पद्धत तीच, नोंदी वेगळ्या. एनव्हीएमईमध्ये १९९ किंवा १२ असे क्रमांक नसतात. त्याऐवजी पॉवर सायकल्स, अनसेफ शटडाउन्स आणि मीडिया एरर्स अशी नावे असलेली एक ठरावीक नोंद असते. अनसेफ शटडाउन्सचा आकडा तुम्ही बटण दाबून लॅपटॉप बंद न करताही वाढत असेल, तर ड्राइव्हची वीज मधेच जाते आहे किंवा ड्राइव्ह मधेच अडकतो आहे. केबल नसली तरी संपर्क असतोच: ड्राइव्ह खाचेतून काढून, कडेची सोनेरी पट्टी स्वच्छ आहे ना ते पाहून, पुन्हा तिरका घालून दाबून स्क्रू लावा. स्क्रू नसेल किंवा त्याखालचा आधार चुकीच्या उंचीचा असेल, तर ड्राइव्ह किंचित वर उचललेला राहतो आणि तापल्यावर संपर्क सुटू शकतो.

ड्राइव्ह चालू काम करत असताना, विशेषतः काही वेळ रिकामा राहिल्यावर जात असेल, तर वीज वाचवण्याच्या खोल अवस्थांतून तो नीट बाहेर येत नाही असा संशय घ्या. लिनक्समध्ये एपीएसटी (ड्राइव्हने आपोआप कमी विजेच्या अवस्थेत जाण्याची) ही सोय कर्नलच्या पर्यायातून बंद करून पाहता येते. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमधले पीसीआय एक्स्प्रेसचे लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करून पाहा. यापेक्षा खोलात जायचे असेल तर कृपया वेगळा धागा काढा.


अर्धविराम

प्लगांची अदलाबदल केली आणि उत्तर मिळाले. त्यानंतर विंडोज एकदाही अडलेले नाही, आणि एका थंड सकाळी हार्ड डिस्क यादीतून गायब होती. लाइव्ह लिनक्समध्ये या वेळी तिच्या पोर्टासमोर एसस्टेटस ० होते आणि एसएसडीसमोर १३३. अडॅप्टर काढून टाकला आहे. प्लास्टिकचा रंग बदललेला नव्हता, पण एक तार बोटाने हलवली की प्लगाच्या आत सैल हलते. त्याच्या जागी तारा पिनांवर दाबून बसवलेल्या, उघड्या रचनेचा अडॅप्टर लावला आहे आणि तो हार्ड डिस्कला दिला आहे; एसएसडी एसएमपीएसच्या थेट प्लगवरच ठेवली आहे. आता आणखी किती दिवस पाहून प्रश्न मिटला असे समजावे, आणि या सगळ्यात एसएसडीचे काही नुकसान झाले असेल का?


तळटीप

पहिल्या प्रश्नाला हिशेबानेच उत्तर देतो. दर पाच थंड सुरुवातींपैकी एक फसत होती असे धरले, तर काहीही दुरुस्त झालेले नसतानाही सलग दहा सुरुवाती केवळ योगायोगाने सुरळीत जाण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. सलग वीस सुरळीत गेल्या तर ती जेमतेम एका टक्क्यावर येते. म्हणून वीस थंड सुरुवाती होईपर्यंत थांबा. रीस्टार्ट आणि दुपारच्या सुरुवाती या हिशेबात धरू नका, कारण दोष त्या वेळी बहुधा दिसतच नव्हता. एरवी मी याहून जास्त आग्रह धरला असता, पण तुमचा पुरावा अदलाबदलीतून आलेला आहे आणि दोष अडॅप्टरबरोबर दुसऱ्या ड्राइव्हकडे गेलेला प्रत्यक्ष दिसला आहे, त्यामुळे ही प्रतीक्षा आता फक्त नवा अडॅप्टर तपासण्यापुरती आहे.


विजेरी

एसएसडी बदलण्याची गरज मला दिसत नाही. सुरुवातीला वीज न मिळालेल्या ड्राइव्हवर त्या वेळी काही लिहिलेही जात नसते, त्यामुळे डेटा अर्धवट राहण्याचा प्रश्न तिथे येत नाही. क्रमांक १२ चा फरक फक्त फसलेल्या सुरुवातींएवढाच होता, म्हणजे चालू असताना वीज तुटत नव्हती. तरीही एकदा विंडोजमधून चेकडिस्क (फाइलींची मांडणी तपासणारा प्रोग्राम) दोन्ही ड्राइव्हवर चालवा. आता एसएसडीला स्थिर वीज आहे, तर तिच्या उत्पादकाकडे नवे फर्मवेअर असल्यास तेही टाकून घेता येईल, पण आजच्या घडीला ते तातडीचे नाही. जुना अडॅप्टर सुट्या वस्तूंच्या डब्यात परत ठेवू नका. तार कापून टाका, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या हाताला लागणार नाही.